आरसी हेलिकॉप्टर: स्टिक अंगठ्याने धरायची की चिमटीत?

आरसी हेली, म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर, होव्हरमध्ये (हवेत एकाच जागी) स्थिर असते तेव्हा रिमोटवरच्या स्टिकचं टोक बहुतेक वेळ दोन-तीन मिलिमीटरच्या आतच हलत असतं. आरसी विमानात बोट क्षणभर निसटलं तरी विमान आपल्या आपण थोडं पुढे जातं. हेलीला ती सवलत नाही. ती दर क्षणी कुठल्या तरी बाजूला झुकू पाहते आणि तुमची बोटं तिला परत आणत असतात. एवढ्या बारीक हालचालीचं सगळं काम स्टिकच्या टोकावर, नखाएवढ्या जागेत होतं. म्हणून स्टिक कशी धरायची हा प्रश्न पहिल्या उड्डाणाच्या आधी सोडवायला हवा.

बहुतेक नवशिके रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट, खोक्यातून काढतात आणि आला तसाच वापरायला घेतात. स्टिकची लांबी, स्प्रिंगचा ताण, गळ्यातला पट्टा, काहीच बघत नाहीत. मग हात थरथरतो, हेली वरखाली नाचते आणि आपल्याला हे जमणारच नाही असं वाटायला लागतं. खरं तर हाताचा दोष क्वचितच असतो. आधी पकड ठरवायची आणि मग त्या पकडीप्रमाणे रेडिओ बसवून घ्यायचा, हा क्रम पाळला तर अर्धी लढाई जमिनीवरच जिंकता येते.

कोणती स्टिक काय करते

कोणत्या स्टिकला कोणतं काम, या मांडणीला मोड म्हणतात. आपल्याकडे मोड 2 जास्त चालतो. त्यात डावी स्टिक वर-खाली केली की कलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य पात्यांचा कोन बदलतो आणि थ्रॉटल कर्व्हही (मोटरला कधी किती ताकद द्यायची ते) तिच्यासोबत चालतो. तीच डावी-उजवी केली की रडर, म्हणजे शेपटी. उजव्या स्टिकवर एलिव्हेटर (पुढे-मागे झुकणं) आणि एलेरॉन (डावी-उजवीकडे झुकणं), दोन्ही मिळून सायक्लिक. मोड 1 मध्ये कलेक्टिव्ह आणि एलेरॉन उजव्या स्टिकवर जातात, एलिव्हेटर आणि रडर डाव्या. ज्याच्याकडून शिकणार असाल त्याचा मोड घ्या. गडबड झाली तर रेडिओ त्याच्या हातात द्यायचा आहे, आणि त्या क्षणी मोड वेगळा असून चालत नाही.

अंगठा पद्धत

रेडिओ दोन्ही तळहातांत घट्ट बसतो, मागची चार बोटं त्याला खालून आणि बाजूने धरतात, आणि स्टिकवर फक्त अंगठा असतो. व्हिडिओ गेम खेळलेल्यांना हे लगेच जमतं, कारण हात तिथे आधीच रुळलेला असतो.

अंगठ्याचा कोणता भाग टेकतो हे महत्त्वाचं. पेरावरचा मधला फुगीर, मांसल भाग नव्हे, तर नखाच्या टोकाच्या लगेच मागचा भाग स्टिकवर हवा. मांसल भाग टेकवला की स्टिक हलायच्या आधी कातडीच हलते आणि बारीक हालचाल त्यातच मुरते. अंगठा सांध्यात किंचित वाकलेला ठेवा. सरळ ताणलेल्या अंगठ्याला पुढे जायला जागाच उरत नाही. नख वाढलेलं असेल तर कापा, नाहीतर टोक टेकतच नाही.

या पद्धतीचा एक अंगभूत दोष आहे. अंगठा बुडाच्या सांध्याभोवती कंपासच्या टोकासारखा फिरतो, त्यामुळे त्याची रेषा सरळ नसते, कमानीसारखी वळते. डावा अंगठा कलेक्टिव्ह वर नेताना बहुतेकांच्या हातून शेवटी स्टिक थोडी डावीकडे ओढली जाते, म्हणजे नको असताना रडर मिळतो. उजव्या हाताचं नेमकं उलटं. हेली वर चढताना शेपटी उगाच फिरते, आणि नवशिक्या जायरोला (शेपटी स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरला) दोष देत त्याचा गेन, म्हणजे सावरण्याचा जोर, वाढवत बसतो. गेन जास्त झाला की शेपटी थरथरायला लागते आणि आता दोन दुखणी होतात. हा दोष कसा तपासायचा ते पुढे येतं.

चिमटी पद्धत

इथे स्टिकचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरायचं. तर्जनी पलीकडच्या बाजूने, टोकाच्या जरा खाली आणि अंगठा आपल्या बाजूने. किती जोराने? रांगोळी घालताना चिमूट जेवढी दाबतो तेवढी. दाब वाढला की रांगोळी पडायची थांबते आणि सैल झाला की ढीग पडतो. स्टिकही अशीच धरायची, पकडीत असावी पण पिळली जाऊ नये.

चिमटीत दोन्ही बोटांमुळे स्टिक पुढे-मागे आणि डावी-उजवी नेमकी थांबवता येते, म्हणून बारीक कामाला ती उत्तम. पण हात रेडिओ उचलायला मोकळा राहत नाही. त्यामुळे दोन गोष्टी लागतात.

पहिली, गळ्यातला पट्टा. रेडिओचं वजन मानेने घ्यायचं, हाताने नाही. दुसरी, टेकू. कॅरम खेळताना स्ट्रायकर मारणारं बोट मोकळं असतं, पण बाकीची बोटं फ्रेमवर टेकलेली असतात, म्हणूनच नेम बसतो. तसंच इथे करंगळी, अनामिका आणि तळहाताची कड रेडिओच्या कडेवर टेकलेली राहू द्या. हात हवेत तरंगत ठेवून चिमटीने हेली उडवता येत नाही, मनगटाचा प्रत्येक कंप थेट स्टिकमध्ये उतरतो.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट: टेकलेली कड नकळत ट्रिमची, म्हणजे स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी, बटणं दाबते. फ्लायबारलेस हेलीत (जिथे तोल सांभाळणाऱ्या दांड्याऐवजी ते काम इलेक्ट्रॉनिक युनिट करतं) ट्रिम हा फिरत राहण्याचा आदेश असतो, त्यामुळे दोन-चार ट्रिम दाबली गेली की हेली सतत एका बाजूला कलते आणि कारण सापडत नाही. सायक्लिक आणि रडरचे ट्रिम रेडिओच्या मेन्यूतून बंद करून टाका. फ्लायबारलेस युनिटला त्यांची गरज नसते.

तिसरा प्रकारही बऱ्याच हातांत दिसतो. अंगठा वरच, पण तर्जनीचं टोक स्टिकच्या बाजूला हलकं टेकलेलं. जोर अंगठ्याचा आणि बोटाचा फक्त मागोवा. ज्यांचा अंगठा कमानीत फिरतो त्यांना हा मधला मार्ग चांगला.

मग कोणती निवडायची?

हात लहान असेल, रेडिओ लहान असेल, किंवा गेम कन्सोलची सवय असेल तर अंगठा. हात मोठा असेल, अंगठा लवकर दुखत असेल, किंवा चित्रकला, सोल्डरिंग, शिलाई अशा बारीक कामाचा हात असेल तर चिमटी. दोन्ही पद्धतींनी उत्तम उडवणारे लोक जगभर आहेत, त्यामुळे "खरे पायलट असंच धरतात" असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. जर्मनीत चिमटीची परंपरा मोठी आहे, तिथे तबकासारखा रुंद रेडिओ पोटाशी टेकवून त्यावर हात ठेवून उडवतात. आपल्याकडे मे महिन्यात पोटाशी तसं तबक बांधलं तर दहा मिनिटांत शर्ट भिजतो, त्यामुळे साधा पट्टा बरा.

सिम्युलेटरवर एक आठवडा अंगठा आणि एक आठवडा चिमटी, रोज अर्धा तास, असं करून बघा. मग एक पक्की करा. दर रविवारी बदलू नका. हाताची सवय फार चिवट असते, आणि अडचणीत हात जुन्याच सवयीवर उडी मारतो.

आता रेडिओ हाताप्रमाणे बसवा

*स्टिकची लांबी.* बहुतेक रेडिओंच्या स्टिकचं टोक दोन तुकड्यांचं असतं आणि ते एकमेकांवर घट्ट आवळलेले असतात. खालचा तुकडा एका हाताने धरून वरचा उलटा फिरवा, की सैल होतो. हवी तेवढी लांबी करून पुन्हा एकमेकांवर आवळा. अंगठेवाल्यांनी टोक बुटकं ठेवावं. चिमटीवाल्यांना त्याहून 5 ते 8 मिलिमीटर जास्त लागतं, आणि मूळ टोक तेवढं पुरत नसेल तर लांब टोकं वेगळी विकत मिळतात. घेण्याआधी स्क्रूचा आटा बघा, M3 (3 मिलिमीटर) आणि M4 (4 मिलिमीटर) अशा दोन मापांची टोकं बाजारात आहेत आणि एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

दोन्ही स्टिक सारख्या करायला डोळ्यावर विसंबू नका, फेरे मोजा. M3 आट्यात एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, M4 मध्ये 0.7. चार फेरे म्हणजे 2 किंवा 2.8 मिलिमीटर. टोकाची नुसती 4 मिलिमीटर वाढ हाताला स्पष्ट जाणवते.

लांबीमुळे नेमकं काय बदलतं? स्टिक मधल्यापासून 25 अंश कलते असं धरू. सांध्यापासून टोक 40 मिलिमीटरवर असेल तर ते सुमारे 17 मिलिमीटर सरकतं, 48 मिलिमीटरवर असेल तर सुमारे 20. म्हणजे तेवढ्याच आदेशासाठी हाताला जास्त अंतर मिळतं आणि बारीकपणा वाढतो. पण अंगठ्याला ते अंतर कापताच येत नाही, म्हणून त्याला बुटकी स्टिक.

*कलेक्टिव्हची जागा.* हे सहसा कोणी सांगत नाही. पिच कर्व्ह (स्टिक कुठे असताना पात्यांचा कोन किती, ते) −12 ते +12 अंश सरळ ठेवला आणि होव्हरला 5 अंश लागत असतील, तर स्टिक तळापासून 71 टक्क्यांच्या आसपास उभी असते, मध्यावर नाही. बहुतेक उड्डाण तिथेच होतं. म्हणून लांबी आणि हाताची जागा ठरवताना स्टिक वरून साधारण पाव अंतर खाली ठेवा आणि तिथे अंगठा किंवा चिमूट आरामात बसते का ते बघा. मध्यावर सुखाची वाटणारी पकड होव्हरमध्ये ताणलेली निघते.

*स्प्रिंगचा ताण.* बहुतेक रेडिओंत गिंबलच्या (स्टिक ज्यात फिरते त्या सांध्याच्या) आसपास छोटे स्क्रू असतात. काहींत मागचं रबर काढून पोचता येतं, काहींत मागचं झाकण उघडावं लागतं. झाकण उघडण्याआधी बॅटरी काढा. मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा आणि एका वेळी पाव फेरा फिरवा. सायक्लिकच्या दोन्ही दिशांना ताण सारखा हवा, नाहीतर तिरकी हालचाल एका बाजूला ओढली जाते. चिमटीवाल्यांना जरा कडक स्प्रिंग आवडतो. अंगठ्याला मध्यम बरा, फार कडक केला की तिसऱ्या बॅटरीला अंगठ्याचं बूड दुखायला लागतं. परीक्षा सोपी आहे: स्टिक थोडी कलवून सोडा. ती मध्यावर येऊन लगेच थांबली पाहिजे, थरथरत राहिली नाही पाहिजे.

कलेक्टिव्हवर मध्यावर आणणारा स्प्रिंग नसतो, फक्त घर्षण असतं. तिथे सहसा दोन पट्ट्या असतात, एक दातेरी टकटक आवाज करणारी आणि एक गुळगुळीत. दातेरी पट्टी विमानासाठी, हेलीला ती नको. तिचा स्क्रू पूर्ण सैल करा, गुळगुळीत पट्टीचा आवळा. दात्यांवर स्टिक एका खाचेतून दुसऱ्या खाचेत उडते आणि हेली पायऱ्या चढल्यासारखी वर-खाली होते. रेडिओ उलटा धरला तरी कलेक्टिव्ह स्टिक जागेवरून घसरू नये, एवढं घर्षण पुरतं.

हे सगळं झालं की रेडिओचं स्टिक कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि मॉनिटरच्या पडद्यावर (तिथे प्रत्येक आदेश किती गेला ते दिसतं) मध्य 0 आणि टोकं 100 येतात ना ते बघा. अनेक फ्लायबारलेस युनिट हेलीला बॅटरी जोडताना स्टिकचा मध्य वाचून घेतात, म्हणून त्या वेळी सायक्लिक आणि रडरवरून बोटं उचला. एरवी बोटं स्टिकवरून कधीच उचलायची नाहीत.

*पट्टा.* रेडिओ बेंबीच्या पातळीला आणि कोपर काटकोनाच्या जवळ, एवढी लांबी. पट्ट्याचा आकडा (हुक) अडकवायच्या जागेवर रेडिओचा तोल बघा. वरची बाजू पुढे कलत असेल तर मनगट सतत ते सावरत राहतं. त्यासाठी आकडा मागे-पुढे सरकवणारी छोटी धातूची पट्टी मिळते, ती लावा. ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांतलं ओळखपत्राचं गोफ वापरू नका. त्यातल्या बऱ्याच गोफांना मानेमागे झटका बसला की सुटणारी क्लिप असते, आणि रेडिओच्या वजनाने तीच सुटते. शिवाय पट्टा स्टिकवर लोळत नाही ना याची खात्री थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) सोडण्याआधी प्रत्येक वेळी करा. पट्ट्याचा लूप कलेक्टिव्हमध्ये अडकला की होणारा अपघात फार वाईट असतो.

*एक्सपो.* हाताची थरथर मध्याजवळ कमी जाणवावी म्हणून सायक्लिक आणि रडरवर 20 ते 30 टक्के एक्सपो, म्हणजे मध्याजवळचा प्रतिसाद मऊ करणारी सेटिंग, ठेवा. चिन्ह तपासा: फुटाबा कंपनीच्या रेडिओवर मध्य मऊ करायला उणे लागतं, स्पेक्ट्रमच्या रेडिओवर आणि एजटीएक्स सॉफ्टवेअरच्या रेडिओवर अधिक. चिन्ह उलटं पडलं तर हेली मध्याजवळ कमालीची तिखट होते. रेडिओत किंवा फ्लायबारलेस युनिटमध्ये, एकाच ठिकाणी एक्सपो द्या.

पकड बरोबर आहे का? पडदा बघा

हेलीची बॅटरी न जोडता रेडिओ चालू करा आणि चॅनल मॉनिटर उघडा. पकड घेऊन उभे राहा. बसून नको, कारण मैदानावर तुम्ही उभे असणार आहात. आता पडद्याकडे न बघता कलेक्टिव्ह तळापासून टोकापर्यंत दहा वेळा सावकाश न्या आणि बाजूला कोणाला तरी पडद्यावरची रडरची पट्टी बघायला सांगा. एक्सपो तेवढ्यापुरता शून्य करा, नाहीतर छोटी चूक पडद्यावर झाकली जाते.

रडर 5 टक्क्यांच्या आत राहिला तर छान. जास्त हलत असेल तर स्टिक दोन-तीन फेऱ्यांनी बुटकी करून बघा, हात रेडिओच्या कडेवर थोडा वर किंवा खाली सरकवा, नाहीतर तर्जनी बाजूने टेकवा. तसंच एलिव्हेटर पुढे-मागे करून एलेरॉन बघा. हा खेळ रोज पाच मिनिटं केला तर दोन आठवड्यांत रेषा सरळ होत जाते.

आणखी एक खूण नखावरच दिसते. स्टिकवर अंगठा असताना नखाकडे बघा. नख गुलाबी असेल तर दाब ठीक आहे. पांढरं पडलं असेल तर तुम्ही स्टिक दाबून धरली आहे. घाबरल्यावर सगळ्यांचंच नख पांढरं होतं. तेव्हा खांदे खाली सोडा, श्वास सोडा, रंग परत येतो.

थ्रॉटल होल्ड, पकड न सोडता

450 या छोट्या मापाच्या हेलीची पाती मिनिटाला दोन-अडीच हजारांहून जास्त फेरे फिरतात. ती जमिनीवर आपटत असताना मोटर चालू राहिली तर नुकसान कित्येक पट वाढतं, आणि जवळ माणूस असेल तर बोलायलाच नको. म्हणून होल्डचं बटण असं निवडा की स्टिक न सोडता एखादं बोट तिथे पोचेल. अंगठेवाल्यांची तर्जनी मोकळी असते, तिला खांद्यावरचा स्विच सहज लागतो. चिमटीवाल्यांची तर्जनी अडकलेली असते, त्यांनी मधलं बोट पोचतं असा स्विच घ्यावा आणि नसेल तर रेडिओच्या मेन्यूतून जागा बदलून घ्यावी.

सिम्युलेटरवर रोज दहा वेळा, हेली हातातून जातेय असं वाटताच होल्ड मारायचा सराव करा. विचार करायला लागलात तर उशीर झालेला असतो.

सरावाचा क्रम आणि आपली हवा

जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात असतात, तो काळ सिम्युलेटरचा. रियलफ्लाइटसारख्या सिम्युलेटरला आपलाच रेडिओ यूएसबीने किंवा डोंगलने जोडा. गेमपॅडवर शिकलेला हात खऱ्या स्टिकवर पुन्हा शिकावा लागतो. आधी शेपटी आपल्याकडे ठेवून होव्हर, मग शेपटी 45 अंश डावीकडे आणि उजवीकडे, मग आडवी, सर्वात शेवटी नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे आलं की डावं-उजवं उलटतं आणि नेमकी तेव्हाच चिमूट आवळली जाते, त्यामुळे ही पायरी घाईने गाठू नका.

ठाणे-नवी मुंबईत कोरड्या महिन्यांत सकाळी सात ते नऊ हवा शांत असते, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. पहिले दोन महिने फक्त सकाळ. तरी घाम येतोच. सुती रुमाल खिशात ठेवा, दर बॅटरीनंतर बोटं आणि स्टिकची टोकं पुसा. टाल्कम पावडर लावू नका, ती गिंबलच्या आत उतरते. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेल्या रेडिओची ॲल्युमिनियमची टोकं चटका देतात, रेडिओवर कापड टाका किंवा टोकांवर रबरी टोप्या चढवा.

जागेबद्दल थोडक्यात. सोसायटीची गच्ची, पोडियम, भरलेलं मैदान नको. खाडीकाठ आणि येऊरचं जंगल नको, खाडीकाठी पक्षी आहेत आणि येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. ड्रोन नियम 2021 आरसी मॉडेललाही लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरपर्यंतची हवा परवानगीशिवाय मोकळी नाही, आणि 8 ते 12 किलोमीटरमध्ये फक्त 200 फुटांपर्यंत. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाल्यापासून उलवे आणि पनवेलकडच्या जागा यात अडकल्या आहेत. ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा बघा आणि पोलिसांचा मनाई आदेश लागू नाही ना तेही विचारा.

पहिल्या उड्डाणाला हेलीपासून किमान 10 मीटर लांब, वारा पाठीशी न घेता समोरून घेऊन उभे राहा. पाय खांद्याएवढे फाकवा, कोपर अंगाला हलके टेकवा. रेडिओ जमिनीवर कधी उभा ठेवू नका, वाऱ्याने पडला की स्टिक हलते. उतरवल्यावर आधी होल्ड, मग पाती पूर्ण थांबेपर्यंत बोटं स्टिकवरच. हेलीची बॅटरी काढल्याशिवाय रेडिओ बंद करायचा नाही.